सवालाला जवाब आला का? उमेदवारांच्या जुन्या-नव्या चर्चा शेजारी ठेवून कशा तपासायच्या

गेल्या महापालिका निवडणुकीच्या आधी ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये आम्ही बारा-चौदा जण दर रविवारी संध्याकाळी जमायचो. निवडणुकीतल्या उमेदवारांनी समोरासमोर केलेल्या जाहीर चर्चा, जुन्याही आणि आजच्याही, वाचायच्या, ऐकायच्या आणि एकमेकांशी ताडून पाहायच्या, एवढंच काम होतं. पहिल्या रविवारी कुणी मोबाइलवर २०२४ मधली दीड मिनिटाची क्लिप लावली, कुणी लिंकनचं नाव काढलं, आणि दहा मिनिटांत ठरलंसुद्धा की पूर्वीचे नेते थोर आणि आताचे सुमार. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू, ज्यांनी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, त्या म्हणाल्या, "अरे बाळांनो, एकाचं अख्खं पुस्तक आणि दुसऱ्याचं फाटकं पान घेऊन बसलात. तुलना कशाची करताय?"

त्यानंतर आम्ही हळूहळू एक पद्धत बसवली. पाच-सहा माणसं, एक हॉल किंवा एखाद्याच्या घरची बैठकीची खोली, प्रिंट काढलेले कागद आणि तीन रंगांच्या पेन्सिली एवढ्यावर ती चालते.

आधी मोजायचं काय ते ठरवा

"कोण जिंकलं?" हा प्रश्न पहिल्याच दिवशी बाजूला ठेवा. त्याचं उत्तर प्रत्येकजण घरूनच घेऊन येतो.

आमच्याकडे निम्मी घरं मूळची कोकणातली. गावी शक्ती-तुऱ्याचा सामना पाहिलेली माणसं. त्यात एक शाहीर गाण्यातून कोडं घालतो आणि समोरच्याला ते गाण्यातूनच सोडवावं लागतं. समोरचा कितीही सुरेल गायला, ढोलकी कितीही रंगली, तरी पुढं बसलेले जाणते आजोबा एकच विचारतात: सवालाला जवाब आला का? आम्ही हेच माप घेतलं. प्रत्येक चर्चेत तीन गोष्टी शोधायच्या. सवाल काय होता, त्याला जवाब आला का, आणि जवाब आल्यावर समोरच्याला पुन्हा विचारायची संधी मिळाली का. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. पहिलं उत्तर पाठ करून येता येतं, दुसरं येत नाही.

चर्चा कशाला म्हणायचं तेही इथेच ठरवून टाका. शिवाजी पार्कवरची सभा ही चर्चा नव्हे, तिथे समोर प्रतिस्पर्धी नसतो. रात्री नऊच्या बातम्यांत सहा चौकटींतून ओरडणारे प्रवक्ते हीसुद्धा नव्हे, कारण त्यातले बहुतेक जण उमेदवारच नसतात. आपल्याकडे पंतप्रधानपदाच्या दावेदारांनी समोरासमोर बसण्याची रीत पडलेली नाही. मे २०२४ मध्ये माजी न्यायमूर्ती मदन लोकूर, माजी न्यायमूर्ती अजित शहा आणि ज्येष्ठ पत्रकार एन. राम यांनी नरेंद्र मोदी आणि राहुल गांधी यांना जाहीर चर्चेचं निमंत्रण दिलं होतं. ती चर्चा झाली नाही. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात मात्र विद्यार्थी संघटनेच्या अध्यक्षपदाचे उमेदवार मतदानाच्या आधी सगळ्यांसमोर एकमेकांना प्रश्न विचारतात, आणि ती परंपरा जुनी आहे. ब्रिटनमध्येही पक्षनेत्यांची पहिली दूरचित्रवाणी चर्चा व्हायला २०१० साल उजाडलं. म्हणून अभ्यासाला अमेरिकेतली उदाहरणं घ्यावी लागतात. तिथे १८५८ पासूनचं साहित्य पूर्ण शब्दांत मिळतं.

पहिली पायरी: तीन चर्चा निवडा, त्याहून जास्त नको

आम्ही सुरुवातीला आठ चर्चा घेतल्या आणि एकही धड वाचली नाही. तीन पुरेत.

जुन्या काळातली: १८५८ मध्ये इलिनॉय राज्यात सिनेटच्या जागेसाठी अब्राहम लिंकन आणि स्टीफन डग्लस यांच्यात झालेल्या सात चर्चा. सातही वाचायला महिना लागेल. फ्रीपोर्ट (२७ ऑगस्ट) आणि जोन्सबरो (१५ सप्टेंबर) या दोन घ्या. मधल्या काळातली: २६ सप्टेंबर १९६० ची केनेडी-निक्सन यांची शिकागोमधली पहिली चर्चा. आजची: १० सप्टेंबर २०२४ ची फिलाडेल्फियातली हॅरिस-ट्रम्प चर्चा.

या तिघींना जोडणारा धागाही आहे. १९६० मध्ये केनेडींनी आपल्या आरंभीच्या भाषणाची सुरुवातच लिंकनच्या नावाने केली: देश अर्धा गुलाम, अर्धा स्वतंत्र राहू शकेल का, हा १८६० चा प्रश्न होता, तसा आता जगापुढे आहे. आणि २०२४ मधला पहिला प्रश्न, "चार वर्षांपूर्वीपेक्षा आज लोकांचं बरं चाललंय का?", हा रोनाल्ड रेगन यांनी २८ ऑक्टोबर १९८० ला जिमी कार्टर यांच्यासमोर मतदारांना विचारलेल्या प्रश्नाचाच वारस आहे.

दुसरी पायरी: पूर्ण मजकूर मिळवा, आणि तो कुणी लिहिला ते विचारा

क्लिपवर काम करू नका. १९६० पासूनच्या बहुतेक चर्चांचं पूर्ण शब्दांकन आणि चित्रफिती इंटरनेटवर मोफत आहेत. लिंकन-डग्लस चर्चांचा मजकूरही आहे. प्रिंट काढताना उजवीकडे दोन इंच मोकळी जागा सोडायला झेरॉक्सवाल्याला सांगा, नोंदी तिथेच होतात.

इंग्रजीची अडचण येईल, आम्हालाही आली. मोबाइलवरचं भाषांतर कामचलाऊ असतं, पण नेमक्या कळीच्या शब्दाला दगा देतं. १८५८ च्या वादात "टेरिटरी" हा शब्द सतत येतो. त्याचा अर्थ नुसता "प्रदेश" नाही, तर अजून राज्याचा दर्जा न मिळालेला प्रदेश. एवढा एक अर्थ निसटला की सगळा वाद हवेत जातो. म्हणून प्रत्येक चर्चेतले चार-पाच कळीचे शब्द आधी मराठीत लिहून भिंतीवर चिकटवा.

आता मजकूर लिहिणाऱ्याबद्दल. १८५८ मध्ये ध्वनिमुद्रण नव्हतं. वृत्तपत्रांनी लघुलेखक पाठवले, आणि ती वृत्तपत्रं उघडउघड पक्षाची होती. शिकागोचं एक पत्र लिंकनच्या बाजूचं, दुसरं डग्लसच्या. प्रत्येकाने आपल्या माणसाची वाक्यं नीटनेटकी केली आणि समोरच्याची ओबडधोबड राहू दिली. पुढे लिंकनने कात्रणांची वही करून १८६० मध्ये चर्चा पुस्तकरूपात आणल्या, तेव्हा आपली भाषणं आपल्या बाजूच्या पत्रातून आणि डग्लसची त्याच्या बाजूच्या पत्रातून घेतली. आजही बहुतेक ठिकाणी हाच, दोन्ही बाजूंनी घासूनपुसून घेतलेला मजकूर वाचायला मिळतो. २०२४ च्या शब्दांकनात अडखळणं, अर्धवट वाक्यं बरीचशी तशीच असतात. भाषा जुन्यांची सुंदर आणि आजच्यांची विस्कळीत वाटण्यामागे हे एक मोठं कारण आहे. वहीत पहिल्या पानावर ते लिहून ठेवा.

तिसरी पायरी: मजकुराआधी नियमांचा तक्ता

एक पांढरा कार्डशीट घ्या आणि तीन उभे रकाने आखा. आडव्या ओळींत इतकंच लिहा: किती वेळ, कोणी आधी बोलायचं, सूत्रधार कोण, समोर कोण बसलंय, मध्ये बोलता येतं का, आणि मत कोण देणार.

हा तक्ता भरताना आमच्या हॉलमध्ये खरी शांतता पसरली. १८५८ मध्ये पहिला वक्ता ६० मिनिटं, दुसरा सलग ९० मिनिटं, मग पहिल्याला उत्तराला ३० मिनिटं. एकूण तीन तास, उघड्यावर, हजारो लोक उभे, आणि प्रश्न विचारणारा सूत्रधार नाही. प्रश्न उमेदवारच एकमेकांना विचारत. १९६० मध्ये प्रत्येकाला आरंभाला ८ मिनिटं, सूत्रधार हॉवर्ड के. स्मिथ, प्रश्न विचारायला चार पत्रकार, स्टुडिओत प्रेक्षक नाहीत. २०२४ मध्ये उत्तराला २ मिनिटं, प्रतिस्पर्ध्याची पाळी नसताना त्याचा माइक बंद, प्रेक्षक नाहीत, मध्ये जाहिराती, आणि सगळी चर्चा ९० मिनिटांची ठरलेली. म्हणजे लिंकन किंवा डग्लसचं एक सलग उत्तर जेवढं, तेवढ्यात आजच्या दोघांनी परराष्ट्र धोरणापासून महागाईपर्यंत सगळं उरकायचं.

पण शेवटची ओळ वाचल्याशिवाय १८५८ ची आरती ओवाळू नका. तेव्हा इलिनॉयमध्ये मतदान फक्त गोऱ्या पुरुषांना होतं. सिनेटरची निवड राज्याचं विधिमंडळ करत असे, लोक थेट करत नव्हते (ते १९१३ च्या घटनादुरुस्तीनंतर सुरू झालं). ज्या माणसांच्या गुलामीवर तीन-तीन तास वाद चालला, त्यांच्यातल्या कुणालाही त्या मंचावर जागा नव्हती आणि मतपेटीपाशीही नव्हती. त्या निवडणुकीत जागा डग्लसकडेच राहिली.

चौथी पायरी: तीन रंगांनी वाचन

हा सगळ्या कामाचा गाभा आहे, याला दोन रविवार द्या. निळ्या पेन्सिलीने सवाल, हिरव्याने त्या सवालाचा खरा जवाब, लाल रंगाने टाळाटाळ. बाकी मजकूर कोराच राहू द्या. कोरा मजकूर किती, हीसुद्धा नोंदच आहे.

फ्रीपोर्टपासून सुरुवात करा. पार्श्वभूमी दोन ओळींत: १८५७ मध्ये ड्रेड स्कॉट खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की टेरिटरीत गुलामगिरीवर बंदी घालायचा काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, अधिकार नाही. डग्लसचं म्हणणं मात्र होतं की तिथे राहणाऱ्या लोकांनीच काय ते ठरवावं. या दोन गोष्टी एकत्र कशा नांदणार? लिंकनने नेमका हाच सांधा पकडला: राज्याचा दर्जा मिळवताना स्वतःची राज्यघटना तयार होण्याआधी टेरिटरीतल्या लोकांना कायदेशीर मार्गाने गुलामगिरी बाहेर ठेवता येईल का? (हा निळा.) "नाही" म्हटलं तर इलिनॉयचा मतदार दुखावणार, "हो" म्हटलं तर दक्षिणेतला पक्ष. डग्लसने उत्तर दिलं: न्यायालय काहीही म्हणो, स्थानिक पोलीस-नियमांचा आधार नसेल तर गुलामगिरी कुठेही टिकू शकत नाही, आणि ते नियम करायचे की नाही हे स्थानिक लोकांच्या हाती आहे. त्याच्या भूमिकेबद्दल मनात काहीही असो, हा हिरवा आहे. सवालाला जवाब आला.

आता जोन्सबरोचे कागद काढा, एकोणीस दिवसांनंतरचे. लिंकन तिथेच परत आला. टेरिटरीच्या विधिमंडळाचे सभासद अमेरिकेच्या राज्यघटनेची शपथ घेतात; न्यायालयाच्या म्हणण्यानुसार राज्यघटना गुलाममालकाच्या हक्काला संरक्षण देते; मग ते संरक्षण नाकारणारा सभासद शपथ कशी पाळणार? आणि त्याने आणखी एक नवा प्रश्न जोडला: गुलाममालकांनी काँग्रेसकडे संरक्षणाचा कायदा मागितला तर तुम्ही बाजूने मत द्याल की विरुद्ध? इथे डग्लसने काँग्रेसने ढवळाढवळ करू नये हेच आपलं तत्त्व पुन्हा सांगितलं. बाजूने की विरुद्ध, हे आलं नाही. आमच्यातल्या नऊ जणांनी लाल केलं, तिघांनी हिरवं. त्या तिघांचं म्हणणं होतं की ढवळाढवळ नको म्हणजेच विरुद्ध मत. तासभर यावर बोलणं झालं, आणि तो आमचा सगळ्यात चांगला तास होता. या फटीतून पुढे काय निघालं ते माहीत आहे: १८६० मध्ये डग्लसचा डेमोक्रॅटिक पक्ष याच प्रश्नावर दुभंगला.

लिंकनचीही तीच तपासणी करा, सोडू नका. १८ सप्टेंबरला चार्ल्स्टनला, राज्याच्या दक्षिणेकडच्या श्रोत्यांपुढे, तो स्पष्ट म्हणाला की गोऱ्या-काळ्यांची सामाजिक आणि राजकीय समानता आपल्याला नको आहे. जुलैत शिकागोला त्याचा सूर वेगळा होता. ७ ऑक्टोबरला गेल्सबर्गला डग्लसने हेच पुढे केलं: उत्तरेत एक बोलता, दक्षिणेत दुसरं. हा आरोप वाचताना आमच्यातला कॉलेजमधला मुलगा म्हणाला, "काकू, हे तर घोडबंदरला एक आणि कळव्यात दुसरं बोलण्यासारखं झालं." अगदी तसंच. सातही चर्चांचा मजकूर रेल्वेने आणि तारेने राज्यभर पोचत होता, म्हणूनच तो आरोप करता आला.

मग १९६०. एकच प्रश्न घ्या. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना पत्रकारांनी विचारलं होतं की उपाध्यक्ष निक्सन यांची कोणती मोठी कल्पना तुम्ही स्वीकारली? ते म्हणाले होते, एक आठवडा द्या, एखादी आठवेलही. चर्चेत पत्रकार सँडर व्हॅनोकर यांनी निक्सनना त्याबद्दल टोकलं. निक्सन म्हणाले की ते बहुधा थट्टेत म्हटलं असावं, आणि मग आपण दिलेल्या शिफारशींकडे वळले. हिरवा की लाल? दोन्ही आहे. ज्या वाक्यापाशी रंग बदलतो तिथे उभी रेघ मारा. अशा रेघा मारता आल्या की डोळा तयार झाला समजा.

२०२४ मध्ये दोन्ही बाजूंची एकेक जागा दाखवतो. चार वर्षांपूर्वीपेक्षा लोकांचं बरं चाललंय असं तुम्हाला वाटतं का, या पहिल्या प्रश्नावर कमला हॅरिस यांनी आपण मध्यमवर्गीय घरात वाढल्याचं सांगितलं आणि पुढच्या योजना मांडल्या. हो किंवा नाही आलं नाही. युक्रेनने युद्ध जिंकावं असं तुम्हाला वाटतं का, यावर डोनाल्ड ट्रम्प म्हणाले, युद्ध थांबावं असं मला वाटतं. सूत्रधाराने पुन्हा विचारलं, तरी हो किंवा नाही आलं नाही. दोन्ही लाल. आपल्या आवडीच्या उमेदवाराच्या वाक्यावर लाल पेन्सिल टेकवताना हात थांबतो, हे प्रत्येकाला जाणवेल. म्हणून आम्ही नियम केला: ज्याला जो उमेदवार पसंत, त्याने त्याचीच पानं रंगवायची.

इथे एक फरक ठळक दिसतो. १८५८ मध्ये दुसरा सवाल प्रतिस्पर्धी स्वतः विचारत होता, आणि त्याला विचार करायला काही दिवस, कधी आठवडे मिळत होते. २०२४ मध्ये दुसरा सवाल सूत्रधाराच्या हातात आणि काही सेकंदांचा. नेत्यांच्या थोरवीपेक्षा हा फरक मला जास्त सांगून जातो.

पाचवी पायरी: आधी ऐका, मग पाहा

१९६० ची चर्चा रेडिओवर ऐकणाऱ्यांना निक्सन जिंकले वाटले आणि टीव्हीवर पाहणाऱ्यांना केनेडी, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. ती छातीठोकपणे सांगू नका. तिचा मुख्य आधार एका खासगी संस्थेची पाहणी, आणि तीत रेडिओ ऐकणारे तीनशेहूनही कमी. १९८७ मध्ये दोन अभ्यासकांनी हा आधार किती तकलादू आहे ते सविस्तर दाखवलं. २००३ मध्ये मात्र एका संशोधकाने प्रयोग करून पाहिला, तेव्हा चित्र पाहणाऱ्यांचा कल केनेडींकडे जास्त गेला. म्हणजे परिणाम असू शकतो, पण त्या रात्री तो किती होता ते त्या पाहणीवरून ठरत नाही.

घरी करून पाहण्यासारखं आहे हे. आम्ही हॉलच्या मधोमध दोरी बांधून चादर टाकली. सहा जण टीव्हीसमोर, सहा जण चादरीमागे, आणि पहिली वीस मिनिटं लावली. निक्सन नुकतेच गुडघ्याच्या संसर्गाने रुग्णालयात राहून आले होते, फिकट सूट मागच्या भिंतीत मिसळत होता, हनुवटीवर घाम. नोंदी गोळा केल्या तेव्हा समोर बसलेल्यांच्या कागदावर घाम, नजर, बसण्याची ढब. चादरीमागच्यांच्या कागदावर शेती, शिक्षण, आकडे. काकू चादरीमागे होत्या. त्यांनी लिहिलं होतं, "दुसरे गृहस्थ सुरुवातीलाच पहिल्यांशी सहमत होतात. का?" आणि खरंच, निक्सन यांचं पहिलंच म्हणणं होतं की सिनेटर केनेडी जे बोलले त्यातल्या बऱ्याच गोष्टी पटण्यासारख्या आहेत. समोर बसलेल्या सहांपैकी एकाच्याही कागदावर हे नव्हतं.

म्हणून क्रम असा ठेवा: वाचन, मग नुसतं ऐकणं, शेवटी चित्र. उलट केलंत तर चेहरा आधी मनात बसतो आणि पेन्सिल त्याच्यामागे जाते. चेहऱ्यालाही महत्त्व आहेच. माणूस दडपणाखाली कसा वागतो हे मतदाराला कळायला हवं. फक्त त्याची नोंद वेगळ्या रकान्यात करा.

सहावी पायरी: खऱ्याखोट्याची तपासणी

तथ्यतपासणी हे आजचं फॅड आहे असं समजू नका. २१ ऑगस्ट १८५८ ला ओटावाला डग्लसने काही जहाल ठराव वाचून दाखवले आणि ते १८५४ मध्ये स्प्रिंगफील्डला लिंकनच्या पक्षाने केले असं सांगितलं. ते ठराव स्प्रिंगफील्डचे नव्हतेच, दुसऱ्याच ठिकाणच्या एका स्थानिक बैठकीतले होते. सहा दिवसांनी फ्रीपोर्टला लिंकनने ते सगळ्यांसमोर मांडलं आणि पुढच्या चर्चांतही त्याचा पाठपुरावा सोडला नाही. चूक करणाऱ्याला त्याच श्रोत्यांच्या वर्तमानपत्रांत, त्याच प्रतिस्पर्ध्यासमोर पुन्हा उभं राहायचं होतं. २०२४ मध्ये सूत्रधारांनी काही विधानं जागच्या जागी दुरुस्त केली. ते वेगवान आहे, पण मग वाद सूत्रधार कोणाच्या बाजूचे यावर गेला.

तुम्ही प्रत्येक चर्चेतली फक्त तीन विधानं तपासा. तपासता येईल असंच विधान निवडा: आकडा, तारीख, कोण काय म्हणालं. "मी लोकांसाठी झटलो" हे तपासता येत नाही, त्यावर वेळ घालवू नका.

सातवी पायरी: आपल्या प्रभागात

हे सगळं आपल्या दारात आणायचं तर उमेदवारांना एकत्र बोलवावं लागतं. आमच्या पहिल्या बैठकीत आम्ही श्रोत्यांमध्ये माइक फिरवला. अर्ध्या तासात तो एका उमेदवाराच्या कार्यकर्त्यांच्या हातात गेला आणि परत आला नाही. पाण्याबद्दल विचारायला आलेल्या आजी तशाच उठून गेल्या. त्याचं मला अजून वाईट वाटतं. त्यानंतर आम्ही चिठ्ठ्यांवर आलो. प्रश्न दोन दिवस आधी पेटीत, सारखे प्रश्न एकत्र, आणि पाचच प्रश्न सर्वांना तेच.

ठाण्यात एक अडचण मुळातच आहे. २०१७ मध्ये ३३ प्रभागांतून १३१ नगरसेवक निवडले गेले, म्हणजे बहुतेक प्रभागांत चार जागा, आणि मतदाराला चार मतं. चारही जागांचे सगळे उमेदवार एका मंचावर बसवले तर वीस खुर्च्या लागतील आणि प्रत्येकाला पाच मिनिटंही मिळणार नाहीत. एका संध्याकाळी एकच जागा घ्या: अ, ब, क किंवा ड. एका जागेचे प्रमुख चार-पाच जण, दीड तास. कोणाला बोलवायचं याचा निकष आधीच लिहून नोटीसबोर्डावर लावा, म्हणजे पक्षपाताचा आरोप होत नाही.

वेळ अशी वाटा: उत्तर दोन मिनिटं, मग प्रतिस्पर्ध्यापैकी एकाला अर्ध्या मिनिटात उलट प्रश्न, त्यावर पुन्हा एक मिनिट. उलट प्रश्न कोण विचारणार याची पाळी चिठ्ठीने काढा. १८५८ ची लांबी आपल्याला परवडत नाही, पण त्यातला उमेदवाराने उमेदवाराला विचारायचा सवाल आपण घेऊ शकतो. वेळ संपल्याची घंटा एखाद्या शाळकरी मुलीच्या हातात द्या. तिच्याशी कुणी हुज्जत घालत नाही.

प्रश्न कसा घडवायचा, हे पाण्यावरून सांगतो. "आमच्या भागात पाणी कधी येणार?" असं विचारलंत तर "मी निवडून आल्यावर सहा महिन्यांत" हे उत्तर तयारच असतं. आता असं विचारा: "नवी मुंबई महापालिकेचं स्वतःचं मोरबे धरण आहे. ठाण्याचं स्वतःचं धरण नाही. आपलं पाणी स्टेम ही पाणीपुरवठा कंपनी, एमआयडीसी, मुंबई महापालिका आणि पालिकेची स्वतःची योजना अशा चार वाटांनी येतं. यांपैकी कुठला वाढीव कोटा मिळवायचा, त्यासाठी नगरसेवक म्हणून महासभेत तुम्ही कुठला प्रस्ताव मांडाल?" यात वळून जायला जागा उरत नाही. शिवाय प्रश्न त्या पदाच्या अधिकारातला आहे. नगरसेवकाला मेट्रोची तारीख विचारण्यात अर्थ नाही.

उमेदवारांची प्रतिज्ञापत्रं आधी वाचून ठेवा, ती सार्वजनिक असतात. मालमत्ता, गुन्हे, शिक्षण त्यात असतं. मंचावर त्यावरून कुणाला हिणवायचं नाही, पण त्यातल्या नोंदीवर सरळ प्रश्न विचारायला हरकत नाही.

परवानगीचं काम आठवडाभर आधी उरका. आचारसंहिता लागू असते, त्यामुळे निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात लेखी कळवा आणि पोलीस ठाण्यात प्रत द्या. सोसायटीच्या समितीचा ठराव घ्या. ध्वनिवर्धक रात्री दहाला बंद म्हणजे बंद, म्हणून संध्याकाळी सातला सुरू करा. हॉलमध्ये झेंडे, उपरणी, घोषणा नकोत. जो उमेदवार येणार नाही त्याची खुर्ची आणि नावाची पाटी ठेवा, पण त्याच्याबद्दल कुणाला टिप्पणी करू देऊ नका. त्याचं लेखी उत्तर आलं असेल तर ते जसंच्या तसं वाचून दाखवा.

चर्चेचं मोबाइलवर पूर्ण ध्वनिमुद्रण करा, उमेदवारांना आधी सांगून. दोन जणांनी स्वतंत्रपणे ते लिहून काढावं, मग दोन्ही ताडून एक प्रत करावी. १८५८ च्या लघुलेखकांची गोष्ट आठवत असेल तर दोघं वेगवेगळ्या पसंतीचे का असावेत हे वेगळं सांगायला नको. अडखळणं, थांबणं सगळं तसंच ठेवा. मग त्यावर तीन रंग.

आमच्या बैठकीतला रंगवलेला संच हिरव्या फाइलीत आहे, सोसायटीच्या कार्यालयात, पाणीपट्टीच्या पावत्यांच्या शेजारी. पहिल्या पानावर तारीख, प्रभाग, जागा आणि उमेदवाराने म्हटलेलं शब्दशः वाक्य. पाण्याच्या प्रस्तावाच्या ओळीवर काकूंनी हिरवं केलंय आणि समासात लिहिलंय, "महासभेचं इतिवृत्त दर तीन महिन्यांनी पाहणे." पहिली नोंद त्यांनी स्वतः केली आहे, दुसरी माझ्याकडे आहे.